हॅटी मॅकडॅनियलनं 'स्वाभिमान विकला' म्हणणाऱ्यांनी तिचं काम पाहिलंय का?

सांजवात
परवा इथे एक पोस्ट आली होती, 'ऑस्करसाठी स्वाभिमान विकलेली मोलकरीण'. दीडशे लोकांनी ती उचलून धरली. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय हॉलिवूड नटीनं जन्मभर पडद्यावर गोऱ्या मालकिणींच्या नाड्या आवळल्या, स्वतःच्याच समाजाची टिंगल करून पैसा कमावला, आणि तिच्या ऑस्करचं कौतुक करणं म्हणजे गुलामीचं कौतुक. दोन दिवस गप्प बसले. आता बसवत नाही.

हॅटीचा जन्म १८९३ चा, कॅन्ससमधल्या विचिटाचा. वडील जन्मानं गुलाम, पुढे यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्यातून लढले. ही तेरा भावंडांतली शेंडेफळ. गाणं, नाटकं, फिरत्या कंपन्या, सगळं करून झालं. १९२९ ची मंदी आली आणि कंपनीचा दौरा बसला. तेव्हा मिलवॉकीच्या एका क्लबात बाईंनी प्रसाधनगृहात येणाऱ्यांना टॉवेल देण्याचं काम केलं. तिथेच एका रात्री गायची संधी मिळाली. लोकांच्या घरचे कपडे धुणं आणि स्वयंपाक करणं हे तिनं खऱ्या आयुष्यात केलेलं होतं. आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे घेऊन मोलकरणीचं काम करीन, असं एक वाक्य तिच्या नावावर सांगतात. तेवढं एकच वाक्य उचलून लोक तिला लोभी ठरवतात.

तिला ऑस्कर मिळाला तो 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमीसाठी, एका गोऱ्या घरातल्या गुलाम मोलकरणीच्या भूमिकेसाठी. त्यातला जिन्याचा प्रसंग पाहा. लहान मुलगी गेली आहे, बाप वेडापिसा झालाय, आणि मॅमी नात्यातल्या मेलनीला घेऊन जिना चढता चढता सगळं सांगते. पायरीगणिक आवाज फुटत जातो. त्या चार तासांच्या सिनेमात मला रडू आलं ते तिथेच. हे करणाऱ्या बाईला २९ फेब्रुवारी १९४० ला लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलात, ऑस्करच्या समारंभात, सिनेमाच्या बाकी मंडळींबरोबर बसू दिलं नाही. तिचं टेबल वेगळं, भिंतीकडेला. हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता, निर्मात्यानं शब्द टाकला म्हणून ती आत आली. स्वाभिमान तिनं विकला की तिच्याकडून ओरबाडला गेला?

खडूफळा
सांजवातताई, त्या पोस्टची भाषा मलाही आवडली नाही. 'विकलेली' वगैरे शब्द कोणाही बाईबद्दल वापरू नयेत. पण तुम्ही रडवून मुद्दा बाजूला सारताय.

मॅमीचा अभिनय उत्तम आहे, हे मान्य. पण ती उत्तम आहे म्हणूनच जास्त घातक आहे. भिकार नटीनं ती भूमिका केली असती तर लोक विसरले असते. हॅटीनं ती इतकी खरी केली की 'गुलामांना मालक प्रिय होते' हे खोटं जगभर खरं वाटू लागलं. गुलामी संपते तरी ही बाई घर सोडत नाही, तिला नवरा नाही, मूल नाही, तिचं म्हणून काही नाही. १९४२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या NAACP संघटनेचे वॉल्टर व्हाइट हॉलिवूडला जाऊन स्टुडिओवाल्यांसमोर हेच बोलले, की मोलकरणी आणि नोकरांपलीकडे आमची माणसं दाखवा. ते काय हॅटीच्या जिवावर उठले होते?

आणि त्याच काळात वेगळं वागणारी माणसं होतीच. कृष्णवर्णीय गायिका-नटी लीना हॉर्ननं मोलकरणीच्या भूमिका नाकारल्या. गायक-नट पॉल रोब्सननं १९४२ नंतर हॉलिवूडकडे पाठ फिरवली ती कायमची.

जुनी_रिळं
रोब्सनकडे कायद्याची पदवी होती आणि जगभर गाण्याचे कार्यक्रम होते. त्याला पाठ फिरवणं परवडलं. चाळिशी उलटलेल्या, जाडजूड, गडद वर्णाच्या बाईला १९३५ मध्ये कुठला स्टुडिओ कुठली दुसरी भूमिका देणार होता? लीनाच्या बाबतीत तर तिला चित्रपटात अशा जागी ठेवत की दक्षिणेतल्या वर्णभेदी राज्यांच्या थिएटरांसाठी तिची गाणी कापून टाकता यावीत. फक्त कृष्णवर्णीय कलाकारांचे एक-दोन सिनेमे सोडले तर नकार देऊन तिलाही नायिकेच्या भूमिका मिळाल्या नाहीत. लीना नवी आली तेव्हा हॅटीनं तिला घरी बोलावून धीर दिला होता, आणि लीना शेवटपर्यंत तिच्याबद्दल आदरानंच बोलली. इथले लोक मात्र दोघींना एकमेकींसमोर उभं करतात.

घाटरस्ता
मूळ अपमान तर कोणी सांगतच नाही! सगळ्यांना सोन्याची बाहुली आणि हॅटीला काय दिलं? एक पाटी! कृष्णवर्णीय म्हणून पाटीवर बोळवण केली. यापेक्षा उघड भेदभाव कोणता?

जुनी_रिळं
हे चुकीचं आहे. सहायक भूमिकांच्या सगळ्याच विजेत्यांना तेव्हा पाटी मिळायची, गोऱ्यांनाही. १९४३ नंतर त्यांना पूर्ण पुतळा मिळू लागला. तिचे खरे अपमान काय कमी आहेत, की आपण नवे रचायचे? डिसेंबर १९३९ मध्ये अटलांटात सिनेमाचा पहिला खेळ झाला, तिथे तिला जाता आलं नाही, कारण त्या जॉर्जिया राज्यात थिएटरात गोऱ्यांशेजारी बसायला बंदी. मरताना इच्छा लिहून ठेवली की हॉलिवूडच्या स्मशानभूमीत पुरा. १९५२ मध्ये ती गेली, आणि तिथेही गोऱ्यांशिवाय कोणाला जागा नव्हती. ऑस्कर तिनं हॉवर्ड विद्यापीठाला दिला, तो तिथून नाहीसा झाला. २०२३ मध्ये अकादमीनं नवा करून दिला.

घाटरस्ता
पाटीचं मी कुठेतरी वाचलं होतं. चूक असेल तर असेल. पण जे वाईट झालं ते झालंच ना.

सांजवात
मी गेली नऊ वर्षं लॉस एंजेलिसला राहते. तिची कबर इथल्या रोझडेल स्मशानभूमीत आहे, तिथे दोनदा जाऊन आले. हॉलिवूडच्या स्मशानभूमीत १९९९ मध्ये तिचं स्मारक उभारलंय, तेही पाहिलं. पण मला जास्त लागली ती तिसरी जागा. तिचं घर वेस्ट ॲडम्स भागात होतं, 'शुगर हिल' म्हणायचे. आसपासच्या गोऱ्या घरमालकांनी दावा लावला, की या भागातली घरं गोऱ्यांखेरीज कोणाला विकायची नाहीत असा करार आहे, तर हिला बाहेर काढा. हॅटी हटली नाही. लुईस बीव्हर्स, एथेल वॉटर्स या कृष्णवर्णीय नट्या आणि इतर शेजारी तिच्याबरोबर उभे राहिले. लॉरेन मिलर त्यांचे वकील होते. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थरमंड क्लार्क स्वतः तो भाग बघून आले आणि दावा फेटाळला, सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा आधार देऊन. पुढे १९४८ मध्ये असले करार कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, त्यातही मिलर वकील होते. खडूफळा, 'स्वाभिमान विकलेली' बाई हे करते का?

आणि मग साठच्या दशकात त्याच शुगर हिलच्या मधून फ्रीवे नेला. मी रोज त्यावरून ऑफिसला जाते.

वसईकर
हे वाचून राहवत नाही. २०११ मध्ये आम्ही मुंबईच्या उपनगरात फ्लॅट बघत होतो. पैसे तयार, कर्ज मंजूर. सोसायटीच्या लोकांनी चहा पाजला आणि विचारलं, घरात मासे शिजतात का? मी म्हटलं, आम्ही वसईचे, बोंबील शिजणारच. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन, 'मालकांचा विचार बदलला'. माझ्याच राज्यात, माझ्याच भाषेतल्या शहरात! कराराचा कागद नाही, कोर्टात काय दाखवणार? हॅटीच्या शेजाऱ्यांनी निदान लिहून तरी ठेवलं होतं.

घाटरस्ता
शंभर टक्के! मराठी माणसाला मुंबईत घर मिळत नाही, यावर वेगळा धागा काढा. मी दहा उदाहरणं देतो.

पिवळा_डबा
दहा उदाहरणं मीही देते. पुण्यात, सगळी मराठी घरमालकांची. मासे वगैरे कोणी विचारत नाही. गोड बोलतात, मुलगी शिकलेली दिसते म्हणतात, मग 'आडनाव काय म्हणालात?' आडनाव सांगितलं की आठवतं, पुतण्या परत येणार आहे, खोली त्याला लागेल. माझ्या बाबतीत चार पुतणे परत आले. पाचव्या ठिकाणी मैत्रिणीच्या नावानं खोली घेतली.

घाटरस्ता
झालं. प्रत्येक धाग्यात जात आणायचीच का? विषय हॉलिवूडचा चाललाय.

वसईकर
अहो, विषय माशांवर आला तेव्हा तुम्ही वेगळा धागा काढायला निघाला होतात, आणि आडनावावर आला की हॉलिवूड आठवलं? मला नाकारलं तेव्हा वाईट वाटलं, पण माझ्याच काकांनी वसईत खोली देताना आडनाव विचारलेलं मी ऐकलंय. गप्प बसलो होतो. ते आज लिहितोय.

घाटरस्ता
तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या घरात कोणी कोणाला आडनाव विचारत नाही. विनाकारण आरोप सहन करणार नाही.

पिवळा_डबा
तुमच्यावर आरोप नाही केला. मी माझं सांगितलं. ते 'जात आणणं' वाटत असेल तर माझ्याकडे इलाज नाही. जात मी आणली नाही, ती दारात आधीच उभी होती.

आणि आता मूळ विषय. इतका वेळ सगळे मोलकरणीबद्दल बोलताय, मोलकरणीला कोणी विचारलंय का? माझी आई तेवीस वर्षं पुण्यात चार घरची धुणीभांडी करत होती. एका घरी तिचा कप बाल्कनीतल्या खिळ्याला टांगलेला असायचा. मी कॉलेजात असताना 'गॉन विथ द विंड' पाहिला आणि मॅमीचा मला संताप आला, खडूफळा सरांना येतो तसाच. मालकिणीवर एवढी माया? माझ्या आईला कोणत्याच बाईंवर एवढी माया नव्हती. पगार वेळेवर देणाऱ्यांबद्दल चांगलं बोलायची, एवढंच.

पण मागच्या वर्षी आईबरोबर १९३५ चा 'ॲलिस ॲडम्स' पाहिला. त्यात कॅथरिन हेपबर्नच्या घरी मोठ्या घरचा मुलगा जेवायला येतो. घरची परिस्थिती बेताची, पण थाट दाखवायचा म्हणून एका दिवसापुरती मोलकरीण आणतात. ती हॅटी. उकाडा मरणाचा, जेवण जड. डोक्यावरची टोपी घसरतेय, तोंडात काहीतरी चघळणं चाललंय, आणि ताटं अशी आणते की कोणाची घाई नाही. पुस्तकांत लिहितात की तिला आळशी, ढिसाळ दाखवलंय. इंग्रजी समजत नसतानाही आई हसायला लागली. म्हणाली, "मुद्दाम करतेय ती. एका दिवसासाठी बोलावलंय, टोपी घालायला लावलीय, ती कशाला जीव काढेल? मीपण पाहुणे आले की असंच सावकाश करायचे." तेवीस वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

जुनी_रिळं
हे मी इतक्या वर्षांत कुठल्याही समीक्षेत इतकं नेमकं वाचलं नाही. आईंना माझा नमस्कार सांगा.

खडूफळा
पिवळा_डबा, तुमच्या आईंचं म्हणणं मी खोडू शकत नाही, आणि खोडायची इच्छाही नाही. 'ॲलिस ॲडम्स'पुरतं मागे घेतो. त्या भूमिकेत खोच आहे. पण 'गॉन विथ द विंड'चं नाही घेत. तिथे ती मालकिणीला दटावते, हे खरं, पण दटावते ते मालकिणीच्याच घराण्याच्या इभ्रतीसाठी. आणि १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ'? तेव्हा तर ऑस्कर घरात होता, नाव झालं होतं. तेव्हाही तीच हसरी, सुखी नोकर. तिथे नाही म्हणता आलं असतं.

शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांच्या डोक्यात चित्रपटातलं जे बसतं ते फळ्यावर कितीही लिहून पुसलं जात नाही. माझा राग त्याचा आहे, त्या बाईंचा नाही.

सांजवात
'साँग ऑफ द साउथ'चा बचाव मीही करणार नाही. तो सिनेमा मला बघवला नाही.

पण ऑस्कर घरात असल्यानं तिच्या हातात काय आलं होतं? १९४० नंतर अभिनयाचा ऑस्कर दुसऱ्या कृष्णवर्णीय कलाकाराला मिळाला तो १९६४ मध्ये, सिडनी पॉइटियेला. स्त्रीला तर १९९१ मध्ये, हूपी गोल्डबर्गला. म्हणजे ५१ वर्षं. दार उघडलंच नव्हतं, तिला एकटीला फटीतून आत ओढलं आणि परत लावून घेतलं. आणि सर, १९४२ चा 'इन धिस अवर लाइफ' पाहा ही विनंती. त्यातही ती घरकाम करणारीच आहे. बेटी डेव्हिस गाडीखाली एक पोर मारते आणि आळ हॅटीच्या मुलावर घालते. मुलगा वकिलीचा अभ्यास करणारा. हॅटी सांगते की पोलिसांनी त्याचं ऐकूनच घेतलं नाही. रडारड नाही, हातवारे नाहीत. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग आहे. तुम्ही म्हणता तिला मूल नाही, स्वतःचं काही नाही. इथे आहे.

खडूफळा
हा मी पाहिलेला नाही. पाहतो. मत बदलेलच असं आत्ता म्हणत नाही.

घाटरस्ता
पिवळा_डबा, माझा सूर चढला होता. बोललो ते तसं बोलायला नको होतं. 'प्रत्येक धाग्यात' हा शब्द मागे घेतो.

पिवळा_डबा
ठीक आहे.

सांजवातताई, या १९४२ च्या सिनेमाला मराठी नाही तरी इंग्रजी अक्षरं खाली येतात का? म्हणजे मला थांबवून थांबवून आईला वाचून दाखवता येईल. तिचा एक प्रश्न अजून बाकी आहे. 'ॲलिस ॲडम्स' संपल्यावर विचारत होती, त्या बाईंना दिवसाचे किती दिले असतील, आणि उरलेलं जेवण घरी न्यायला दिलं का.