इंग्रजी प्रेझेंटेशन : मुलांची नजर कागदातून वर येत नाही

प्रश्न (अकरावी_तुकडी_ब): वर्गात ४० मुलं, बहुतेक मराठी माध्यमातली. प्रत्येकाला ३ मिनिटं इंग्रजीत बोलायचंय. वाक्यं बरी असतात, पण नजर कागदात आणि हात पाठीमागे बांधलेले. ‘वर बघ’ म्हटलं की पुढचं वाक्यच विसरतात. काय करावं?

खडूफळा: ‘वर बघ’ म्हणणं सोडा. शब्द शोधताना नजर समोरच्या चेहऱ्यावरून बऱ्याचदा हटते. बंगालमध्ये इंग्रजी शिकवण्यावर काम केलेल्या मायकेल वेस्ट यांची ‘वाचा आणि वर बघा’ ही जुनी पद्धत इथे चालते. कागदावर तिरप्या रेघा मारून ५-६ शब्दांचे तुकडे पाडा. तुकडा मनात वाचायचा, मान वर करायची, एका चेहऱ्याकडे बघायचं आणि मगच तोंड उघडायचं. मान खाली असताना एकही शब्द नाही. तुकडा लांबला की शेवटचे दोन शब्द कागदाकडे बघून पुटपुटले जातात. तसं झालं तर रेघ अलीकडे घ्या. आणि फुलस्केप नको, तो थरथरतो. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा द्या.

मधलं_बोट: दहा वर्षं ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकलेल्या मुलाला एकदम ‘हातवारे कर’ म्हणून कसं जमेल? भाषणात तीनच जागा ठरवून द्या : आकडा, तुलना, वाढ-घट. ‘फर्स्ट, सेकंड’ म्हणताना मुलं अंगठ्याने पेरं मोजतात, मागच्या बाकावरून काही दिसत नाही. हात खांद्याइतका वर, बोटं सुटी, आणि शब्दाच्या किंचित आधी. नंतर उचललेला हात पाठ केल्यासारखा वाटतो. तेच आधी एक मिनिटभर मराठीत करून घ्या. मोबाइलवर टिपा, आवाज बंद करून जोडीदाराला दाखवा. आकडा कुठे आला ते त्याला ओळखता आलं, की मग इंग्रजीत.

खडूफळा: गुण देताना ‘बोलण्याच्या परिणामात ५५ टक्के वाटा देहबोलीचा’ हे प्रचलित वाक्य मात्र घुसवू नका. ते ज्यांच्या नावावर सांगतात त्या मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग सुट्या शब्दांतून भावना ओळखण्याचे होते, भाषणांचे नव्हेत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या तोंडी परीक्षेतही देहबोलीला गुण नाहीत.

अकरावी_तुकडी_ब: आणि स्लाइड असली तर?

मधलं_बोट: पडद्याकडे वळून दाखवायचं ते गप्प राहून. वर्गाकडे तोंड झालं की बोलायचं. वर्गाकडे पाठ करून बोललं तर व्यंजनं नीट ऐकू येत नाहीत.