मदत हवी आहे: दहा वर्षं ऐकलेल्या मेटल अल्बमचे लिरिक्स परवा वाचले, आता काय करू?

जुळे_सोलापूरकर:

नमस्कार मंडळी, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा, एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. अकरावीपासून हेवी मेटल ऐकतो म्हणजे झाली दहा-अकरा वर्षं. शाळा मराठी मीडियमची, त्यामुळं सुरुवातीला इंग्रजी कानाला लागायचंच नाही आणि नंतर लागायला लागलं तरी ग्रोल करणारा (घशातून गुरगुरत गाणारा) माणूस काय बोलतोय ते इंग्रजाला तरी कळत असेल का ह्याची शंकाच आहे. मग मी ते सोडूनच दिलं. रिफ (गिटारची परत परत येणारी चाल), डबल बास (दोन्ही पायांनी वाजवायचे जड ड्रम), मधेच सगळं थांबून परत एकदम कोसळतं ते, ह्यासाठी ऐकायचं. लिरिक्स म्हणजे माझ्यासाठी पोह्यातला कढीपत्ता, असतो तर असू दे, बाजूला काढायचा आणि खायचं.

आता झालं असं की ताईचा मुलगा, वय १४, मागच्या दिवाळीला माझ्या फोनवर ऐकून ऐकून नादाला लागला. मी खूश, घरात एक तरी माणूस मिळाला म्हणून. पण गेल्या आठवड्यात ताईचा फोन, "हे बघ, तो दार लावून ऐकत बसतो, आतून कुणीतरी ओरडत असतं, त्यात काय म्हणतेत ते एकदा बघून सांग मला, तू म्हणालास ठीक आहे तर मी काही बोलणार नाही." आली का पंचाईत. त्याच्या लिस्टमधला निम्मा माल माझ्याकडूनच गेलेला, त्यात माझा सगळ्यात लाडका अल्बम, बँडचं नाव घेत नाही, डेथ मेटल आहे एवढं समजा. रात्री जेवून झाल्यावर बसलो लिरिक्स वाचायला.

तिसऱ्या गाण्याला बंद केलं. मारामारी, रक्त वगैरे असणार हे माहीत होतं, कव्हरवरच दिसतं की. पण बायकांना पकडून काय काय करतात ते असं चवीचवीनं लिहिलंय की मला माझ्याच प्लेलिस्टची लाज वाटली. आणि हे मी दहा वर्षं होटगी रोडनं गाडीवर जाताना मान हलवत ऐकलंय!

तर प्रश्न दोन. एक, तुम्ही लोक लिरिक्सला किती किंमत देता, आणि असं काही कळल्यावर परत ऐकू शकता का? दुसरा, ताईला काय सांगू? खोटं बोलायचं नाहीये आणि पोराचा नाद पण तोडायचा नाहीये.

---

शेंगाचटणी_एक्स्ट्रा:

कढीपत्ता बाजूला काढतोस भावा पण फोडणीला वास त्याचाच असतो ना बे 😄

---

ड्रॉप_डी:

मी गिटार वाजवतो (हौशी, लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्डवाला आला नाही की मला बोलावतात, ते सोडा). माझं मत ऐक. ह्या संगीतात शब्द बहुतेक वेळा शेवटी येतात, आधी रिफ. पॉवर कॉर्ड म्हणजे आपल्या भाषेत सा आणि प, गंधारच नाही. गंधार शुद्ध का कोमल तेच नाही म्हटल्यावर नुसता कॉर्ड ना आनंदी ना दुःखी, आणि डिस्टॉर्शनमध्ये (गिटारचा तो फाटका आवाज) गंधार टाकला तर चिखल होतो म्हणूनच तो टाकत नाहीत. मूड सगळा चालीवर आणि ठोक्यावर. ब्लॅक सॅबथ बँडचा १९७० चा पहिला अल्बम काढ, पहिलंच गाणं, पाऊस, घंटा आणि मग तो रिफ, सा, वरचा सा आणि तिथून खाली तीव्र मध्यमावर येऊन थरथरतो. बस. त्यांचा गायक ऑझी, त्यानं तोंड उघडायच्या आधी तुला भीती वाटलेली असते. शब्द नंतर येऊन फक्त सही करतात.

आणि अजून एक गंमत, लिहिणारा आणि गाणारा अनेकदा वेगळाच असतो. सॅबथची बरीचशी गाणी बास गिटारवाल्या गीझर बटलरनं लिहिली. मेशुगा बँडचे बहुतेक शब्द ड्रमर टॉमस हाकेचे. गाणारा बिचारा दुसऱ्याचा कागद वाचतोय. ग्रोलमध्ये तर खऱ्या स्वररज्जूंच्या वरच्या ज्या घड्या असतात त्या थरथरवतात, त्यात शब्द पुसला जाणारच, तो आवाज म्हणजे चौथं वाद्य समज. तू दहा वर्षं वाद्य ऐकलंस. लाज कसली?

---

जुळे_सोलापूरकर:

@ड्रॉप_डी तीव्र मध्यमाचं भारी सांगितलंस, आता लावून बघितलं, खरंच की राव. पण वाद्य म्हणून सुटका होते असं मला वाटेना. सनईवाल्यानं शिवी वाजवली तर ती शिवी नसते. ह्यानं ती लिहून, पाठ करून, माईकपुढं उभा राहून म्हटलीय.

---

बीए_इंग्लिश_नापास_नाही:

मला ह्या "शब्द काही नसतात हो" वाल्यांचा कायम राग येतो म्हणून लिहितेय. मी मेटलला आले तीच शब्दांमुळं. बीएला कोलरिजची ती म्हाताऱ्या खलाशाची कविता होती, १७९८ ची, सर वर्गात वाचायचे आणि मागच्या बाकावर आम्ही झोपायचो. मग मावसभावानं आयर्न मेडन बँडचं १९८४ चं गाणं ऐकवलं, तेरा मिनिटांच्या वर आहे, तीच गोष्ट, अल्बट्रॉसला मारतो, वारा पडतो, माणसं तहानेनं मरतात. मधे सगळं बंद होऊन नुसतं जहाजाचं लाकूड करकरतं तिथं माझ्या अंगावर काटा आला आणि परीक्षेत तो प्रश्न मी पानंच्या पानं लिहिला. आता सांगा शब्द काढून टाकले तर त्या करकरीचा अर्थ काय उरतो? दार वाजतंय इतकंच.

त्यांचंच द ट्रूपर घ्या, क्रिमियाच्या युद्धातला १८५४ चा घोडदळाचा तो वेडा हल्ला. मेटालिकाचं "वन" हे गाणं, युद्धात हात, पाय, डोळे, कान सगळं गेलेला सैनिक, आत मेंदू जागा. शेवटी ड्रम मशीनगनसारखे सुटतात ते कशासाठी हे शब्द माहीत असतील तरच कळतं. नाहीतर "वा काय डबल बास आहे" म्हणून मान हलवायची, म्हणजे बाहेर लढाई चालूय आणि तुम्ही फटाके समजताय.

तुझ्या त्या अल्बमबद्दल माझं सरळ मत, मी ऐकणार नाही. कुणी ऐकलं तर त्याला वाईट म्हणणार नाही. पण बाई म्हणून मला ते कळल्यावर पुढं रिफ ऐकूच येत नाही, इलाज नाही.

---

साखरपेठ_तेलुगू_गल्ली:

सोलापुरात राहून भाषा कळली पाहिजे म्हणता 😂 आमच्या घरी तेलुगू, दारात मराठी, समोरच्या अप्पांकडं कन्नड, दुकानात आपली सोलापुरी हिंदी. भीमसेनजींचं भाग्यदा लक्ष्मी बारम्मा सगळ्या सोलापुरात पहाटे लागतं, किती जणांना सगळा अर्थ येतो? माझ्या आईला येत नाही, डोळ्यात पाणी येतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले आणि "बोला हर्र" सुरू झालं की व्याकरण कोण बघतं. मी राम्सटाईन ऐकतो, जर्मन, एक शब्द कळत नाही, मजेत आहे.

---

जुळे_सोलापूरकर:

@साखरपेठ अगदी हेच मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो, भाग्यदा लक्ष्मी सुद्धा! पण घोळ इथंच आहे बघ. भाग्यदा लक्ष्मीचा अर्थ मला एकदा शेजारच्या काकूंनी सांगितला, लक्ष्मीला बोलावतात, पैंजणांचा आवाज करत ये, ताकातून लोणी वर यावं तशी ये, तर गाणं अजून गोड झालं. इथं अर्थ कळला आणि गाणं नासलं. म्हणजे अर्थ नव्हता म्हणून मला चालत होतं असं नाही, अर्थ माहीत नव्हता म्हणून चालत होतं. दोन्हीत फरक आहे, मला तो आत्ता टाइप करताना कळला.

आणि राम्सटाईनचं कधीतरी शोधून बघ, त्यांचं १९९७ चं डू हास्त सगळं एका श्लेषावर उभं आहे, "तुझ्याकडं आहे" आणि "तू द्वेष करतोस" हे जर्मनमध्ये कानाला सारखंच लागतं. मला हे कळल्यावर गाणं जास्त आवडलं. म्हणजे माझा लिरिक्सवर राग नाहीच्चे.

---

पार्कचौक_पॅव्हेलियन:

वय ४६, कॅसेटच्या जमान्यातला आहे. ताईच्या प्रश्नाकडं कुणी बघतंय का? एक सावधगिरी सांगतो. लिरिक्स नुसते कागदावर वाचून निकाल लावू नका. अमेरिकेत १९८५ ला पालकांच्या एका गटानं गाण्यांवर मोठी ओरड केली, सिनेटपुढं सुनावणी झाली, तिथं ट्विस्टेड सिस्टर बँडचा गायक डी स्नायडरला बोलावलं. त्यांचं एक गाणं बांधून मारण्याबद्दल आहे असा आरोप होता, त्यानं सांगितलं ते आमच्या गिटारवाल्याच्या घशाच्या ऑपरेशनच्या भीतीवर आहे! शोधणाऱ्याच्या मनात जे असतं ते त्याला सापडतं.

पण ह्याचा अर्थ सगळंच गैरसमज असतं असाही नाही हं. तुमच्या अल्बमचं तुम्ही सांगताय त्यावरून तिथं दुसरा अर्थ निघायला जागा दिसत नाही. आणि मधली पण एक जात असते, स्लेयर बँडचं १९८६ चं गाणं, ऑशविट्झच्या छळछावणीतल्या त्या डॉक्टर मेंगेलेवरचं. काय केलं ते सांगतात, वाईट आहे असं कुठं म्हणत नाहीत. लिहिणारा हॅनेमन म्हणायचा तो वाईट होता हे वेगळं सांगायला कशाला पाहिजे. मोठ्या माणसाला चालतं. १४ वर्षाच्याला सोबत कुणीतरी पाहिजे. पोराचा फोन तपासत बसू नका, शेजारी बसून ऐका. बंदी घातली तर तो हेडफोन घेईल, मग ताईला ओरडणं पण ऐकू येणार नाही.

---

ड्रॉप_डी:

पोरासाठी मेडन द्या, मेटालिका द्या. दिल्लीचा बँड ब्लडीवुड द्या, ढोल आहे, हिंदी-पंजाबी आहे, त्यांचं "जी वीरे" हे नैराश्यातून बाहेर यायचं गाणं आहे, ताईला पण कळेल. आणि हो, @बीए तुझा करकरीचा मुद्दा मान्य. रिफवाल्यांनी हरायला हरकत नाही कधीतरी.

---

शेंगाचटणी_एक्स्ट्रा:

ब्लडीवुड पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाच ऑकवर्ड झालेलं, शब्द कळतायत म्हणून! इंग्रजीत कुणी "मी तुटणार नाही" म्हटलं की भारी वाटतं, हिंदीत म्हटलं की शाळेचं स्नेहसंमेलन वाटतं. चार वेळा ऐकल्यावर बसलं डोक्यात.

---

जुळे_सोलापूरकर:

अपडेट देतो. रविवारी ताईकडं गेलो. खरं ते सांगितलं, की तो अल्बम मी दिला, मला माहीत नव्हतं, वाईट आहे, बाकीचे बरेच चांगले आहेत. ताई एवढंच म्हणाली, "दहा वर्षं ऐकून तुला माहीत नव्हतं?" ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडं, कडक भाकरी चावत बसलो.

भाच्याला विचारलं तुला कळतात का रे शब्द, तर पठ्ठ्या म्हणतो, "मामा त्या अल्बमचे मी वाचलेत सगळे, घाण आहेत, म्हणून मी दुसरं आणि सहावंच ऐकतो." म्हणजे मी सोडून सगळ्यांनी वाचलेत. (घरी येऊन सहावं तपासलं, झाँबी आणि स्मशान, बाई नाही कुठं. पोरगं शहाणं आहे.)

मग @बीए यांच्या सल्ल्यानं ते खलाशाचं तेरा मिनिटांचं लावलं, लिरिक्स फोनवर उघडून, मला येईल तसं मराठीत सांगत. मधे सगळं शांत होऊन ती करकर सुरू झाली तेव्हा ताई चहा घेऊन आत आली आणि हळूच म्हणाली, "संपलं का?" भाचा म्हणाला, "नाही, वारा पडलाय." ती ट्रे घेऊन तशीच उभी राहिली, पुढं काय होतं ते बघायला.