गरीब घरांना मदत: धान्य द्यावं की पैसे?

सरळरेघ: मदत रोखच द्यावी, असं माझं ठाम मत आहे. 'पैसे दिले की दारूत जातात' हे ऐकून कान किटले. मेक्सिकोत २००३ नंतर 'पाल' या सरकारी अन्नमदत योजनेत हेच तपासलं गेलं. दक्षिणेकडच्या सुमारे २०० खेड्यांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काही गावांना शिधा दिला, काहींना पैसे. पैसे मिळालेल्या घरांत दारू-तंबाखू वाढली नाही, आणि मुलांच्या पोषणातही दोन्हीकडे फारसा फरक निघाला नाही. मग गोदामं, ट्रक, वाटपाची माणसं हा सगळा खर्च कशासाठी?

कणीस: तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच खेड्यांतल्या भावांचाही अभ्यास झालाय. जिथे शिधा उतरला तिथे खाण्याच्या वस्तूंचे भाव उतरले, रोख दिलेल्या गावांत तसं झालं नाही. आडबाजूच्या गावांत हा फरक जास्त. तिथे दुकानं दोन-चार, बाहेरून माल येणं कठीण. शिधा आला की न मिळालेल्या शेजाऱ्यालाही स्वस्त पडतं. पैसे वाटून हे साधत नाही.

रिकामा_डबा: धान्य की पैसे, हे नंतर बघू. आमच्या घरी मदत महिन्यातून एकदा यायची. पहिल्या आठवड्यात आई आग्रहाने वाढायची. चौथ्या आठवड्यात डबा उलटा धरून बुडावर थापट्या मारायची, कडेला चिकटलेलं पीठ पडावं म्हणून. ते पडेपर्यंत आम्ही भावंडं गप्प बसायचो. अमेरिकेतल्या फूड स्टॅम्पवरच्या, म्हणजे गरीब घरांना फक्त अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवरच्या २००५ सालच्या अभ्यासात वाचलं, की मदत मिळाल्यापासून महिना सरेपर्यंत उष्मांक १० ते १५ टक्क्यांनी घटत जातात. आमचाच डबा डोळ्यांपुढे आला. रक्कम तीच राहू द्या, पण महिन्यातून दोनदा द्या.

सरळरेघ: हे शंभर टक्के पटलं. आणि कणीस, भावांचा मुद्दा दुर्गम गावांपुरता मान्य. पण एक्वाडोरच्या उत्तर भागात २०११ मध्ये शिधा, रोख आणि फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारं कूपन असे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. उष्मांक शिध्याने जास्त वाढले, ताटातलं वैविध्य कूपनने, आणि पोचवण्याचा खर्च शिध्याचाच सर्वांत मोठा. तेवढ्या पैशात आणखी घरांना मदत पोचली असती.

कणीस: म्हणजे कूपन तुम्हालाही चालतंय! मग अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला फूड स्टॅम्पवाल्या घरांचा २०११-१२ चा प्रयोग बघा. फळं-भाज्यांवर खर्चलेल्या प्रत्येक डॉलरमागे ३० सेंट त्यांच्या मदतीच्या कार्डावर परत. नवी बंदी कशावरच नाही. त्या घरांतल्या मोठ्यांच्या खाण्यात या फळं-भाज्या सुमारे २६ टक्क्यांनी जास्त होत्या. कोऱ्या पैशाने हे झालं असतं, असं मला वाटत नाही.

सरळरेघ: मला वाटतं झालं असतं, रक्कम पुरेशी असती तर. घरात काय शिजवायचं ते त्या बाईला ठरवू द्या. ३० सेंटांची खूण लावून तिला शिकवायला आपण कोण?

रिकामा_डबा: आईला भाजी कळत होती. २५ तारखेला हातात काही उरत नव्हतं, एवढंच.