फॉस्फो-इजीएफआर एलायझामध्ये सिग्नलच येत नाहीये – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकला एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प करतेय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकलेय. पेशींवर एलायझा (अँटिबॉडी वापरून रंगावरून प्रथिन मोजायची चाचणी) केलेल्या कुणीतरी कृपया शेवटपर्यंत वाचा, थोडं लांब आहे.

दिंडोरीकडे वाइनसाठी द्राक्षं पिळल्यावर उरणाऱ्या चोथ्यातल्या बिया वाळवून अर्क काढलाय. तो अर्क दिला की कर्करोगाच्या पेशींमधल्या इजीएफआरचं (वाढीचा संदेश घेणारा पेशीवरचा रिसेप्टर) फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्याच्यावर फॉस्फेट चढणं, कमी होतं का, हे बघायचंय. पेशी ए-४३१, पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) आणलेल्या. त्यांच्यावर इजीएफआर भरमसाट असतो, म्हणूनच निवडल्या. पण अर्क राहिला बाजूला, नुसतं इजीएफ (त्या रिसेप्टरला जागं करणारं वाढीचं प्रथिन) दिल्यावर जो सिग्नल उसळायला हवा तोच उसळत नाही. जे वर चढलंच नाही ते अर्काने खाली आलं असं कुठल्या तोंडाने म्हणू?

पद्धत: पेशी रात्रभर सीरमशिवाय. सकाळी निम्म्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यांत) इजीएफ, १०० नॅनोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर १० मिनिटं. मग ट्रिप्सिनने पेशी सोडवते, सीरमवालं मीडियम घालून ट्रिप्सिन थांबवते, ५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, पीबीएसने धुणं आणि बर्फावर लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण). बफरमध्ये प्रोटिएज इनहिबिटर, सोडियम फ्लोराइड आणि १ मिलीमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट. आमचा प्लेट रीडर बंद आहे, त्यामुळे लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) थर्माकोलच्या खोक्यात बर्फात घालून गंगापूर रोडहून नाशिकरोडच्या एका लॅबमध्ये नेते आणि एलायझा तिथेच लावते.

४५० नॅनोमीटरला रीडिंग: ब्लँक ०.०९, इजीएफ न दिलेल्या ०.१८, दिलेल्या ०.२४. टोटल इजीएफआर (फॉस्फेट असो-नसो, सगळा) दोन्हीकडे १.६ च्या आसपास. किटसोबतचा पॉझिटिव्ह कंट्रोल १.४, त्या वेलमध्ये टीएमबी (रंग देणारं द्रव्य) घातल्याबरोबर निळा रंग चढतो आणि आम्ल घातलं की लख्ख पिवळा होतो. शेजारची माझी वेल जेमतेम फिकट.

मला संशय प्रवासाचा आहे. मे महिन्याचं ऊन, वाटेत द्वारका सर्कलला ट्रॅफिक, पोचेपर्यंत निम्मा बर्फ पाणी झालेला असतो. किटच्या १२ पट्ट्यांपैकी ५ संपल्या. नवीन किट मागायची हिंमत नाही. काय चुकतंय?

गोदाकाठ: कंट्रोल नीट येतोय, म्हणजे अँटिबॉडी, एचआरपी (टीएमबीचा रंग आणणारं एन्झाइम), टीएमबी सगळं ठीक. टोटलही भरपूर, म्हणजे रिसेप्टर जागेवर आहे, त्याच्यावरचा फॉस्फेट तेवढा गेलाय. प्रवासात जात असेलही, पण मला त्याआधीचं ट्रिप्सिन खटकतंय. इजीएफ दिल्यापासून बफर पडेपर्यंत किती वेळ जातो?

धागाकर्ती: मोजला नव्हता. सगळं धरून २०-२५ मिनिटं असेल.

गोदाकाठ: मग तिथेच घात होतोय. त्या २० मिनिटांत पेशी जिवंत आहेत, कोमट आहेत आणि त्यांच्या फॉस्फटेजना (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना) अडवायला कुणी नाही. इनहिबिटर आहेत ते बफरमध्ये, आणि बफर येतो सगळ्यात शेवटी. शिवाय रात्रभर सीरम काढून पेशी शांत केल्या आणि शेवटी सीरमवालं मीडियम घातलं, म्हणजे ग्रोथ फॅक्टर परत दिलेच की. तुमचा ०.१८ ब्लँकच्या दुप्पट आहे, त्यात त्याचाही हात असू शकतो.
पेशी सोडवूच नका. मीडियम ओढून घ्या, बर्फावर ठेवून गार पीबीएसने दोनदा झटपट धुवा, बफर थेट वेलमध्ये घाला, स्क्रेपरने खरवडा. अर्काच्या वेलमध्ये धुण्यात कसूर नको. द्राक्षबियांमधले पॉलिफेनॉल उरले तर बीसीए या प्रथिनं मोजायच्या चाचणीत प्रथिनं खोटी जास्त दिसतील.

पिपेटवाली: अगं, व्हॅनाडेटचा स्टॉक कसा दिसतो?

धागाकर्ती: पिवळसर, हळदीच्या पाण्यासारखा. पावडर पाण्यात विरघळवून ठेवलाय.

पिपेटवाली: तो पिवळा म्हणजे रेणू एकमेकांना चिकटून साखळलेत, टायरोसिन फॉस्फटेजना तो नीट अडवत नाही. पीएच १० कर, रंग जाईपर्यंत उकळव, गार झाल्यावर पीएच परत १० वर आण. पिवळेपणा परतला तर पुन्हा उकळव. रंगहीन झाल्यावर छोटे भाग करून फ्रीझरमध्ये ठेव. बफरमध्ये डीटीटी अजिबात नको, व्हॅनाडेट त्याने निकामी होतं.
आणि अंदाजाने पट्ट्या घालवू नकोस. एकाच दिवशी, एकाच बफरने, निम्म्या वेल जुन्या रीतीने आणि निम्म्या थेट लायसिसने कर. दोन्ही एकाच खोक्यातून ने. प्रवासाचा दोष असेल तर दोन्ही सारख्याच मरतील.

धागाकर्ती (चार दिवसांनी): केलं! व्हॅनाडेट तीनदा उकळवावं लागलं तेव्हा कुठे पाण्यासारखं झालं. पुन्हा तोच खोका, तोच द्वारकेचा ट्रॅफिक. ट्रिप्सिनवाल्या: इजीएफशिवाय ०.१७, इजीएफसह ०.३९. थेट लायसिस: ०.१२ आणि १.३१. टीएमबी घातल्यावर माझी वेल कंट्रोलच्या बरोबरीने निळी होताना बघितली आणि डोळे भरून आले. दोघांचेही मनापासून आभार.
आमच्या लॅबच्या वहीतली पद्धत पेशी मोजण्यासाठी लिहिलेली होती, मी ती तशीच उचलली होती. आता ६ पट्ट्या उरल्यात. अर्काचे तीन डोस बसवायचेत. दोन-दोन वेल घेतल्या तर चालतील का?

गोदाकाठ: एका पट्टीत ८ वेल. फॉस्फोला दोन पट्ट्या, टोटलला एक, असा एक प्रयोग बसतो. ६ पट्ट्यांत दोन होतील. एकाच प्लेटवर दहा वेल भरण्यापेक्षा वेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींवर पुन्हा केलेला प्रयोग जास्त मोलाचा, त्यामुळे दोन-दोन वेल चालतील. अर्क ज्यात विरघळवलाय त्याचा नुसता कंट्रोल मात्र दोन्ही वेळा ठेवा, इजीएफ देऊन.