साध्या यंत्रमागांचा आवाज मुद्रित करून ठेवायचा आहे: उपकरण, पद्धत आणि नोंदी यांविषयी मार्गदर्शन हवे

सूतगल्ली (प्रश्न)

मी इचलकरंजीत राहतो आणि हिशेबनीस म्हणून काम करतो. ध्वनिमुद्रणाचे शिक्षण मी घेतलेले नाही, परंतु अलीकडे रोजच्या वापरातले आवाज टिपून ठेवण्याचा छंद जडला आहे. पहाटे नळाला पाणी आल्यावर होणारी हंडे-कळशांची खणखण, पिठाच्या गिरणीचा पट्टा, भाजीवाल्यांची हाळी असे बरेच काही फोनवर जमा झाले आहे.

आता मनात आहे तो या गावाचा खरा आवाज, म्हणजे साध्या यंत्रमागांचा. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि तेव्हापासून धोट्याच्या (मागात आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याच्या) खटक्याने हे गाव ओळखले जाते. आमच्या गल्लीत मात्र एकामागून एक शेडमधले साधे माग भंगारात जाऊन त्यांच्या जागी बिनधोट्याचे माग येत आहेत. त्यांतल्या एअरजेट मागात धोट्याचे काम हवेचा झोत करतो, त्यामुळे नव्या शेडचा आवाजही मोठाच असला तरी त्यात तो डावा-उजवा ठेका नसतो. जुना ठेका कानावर पडेनासा होण्याआधी तो नीट जपून ठेवावा, असे मला फार मनापासून वाटते.

अडचण अशी की, फोनवर मुद्रित केलेला आवाज पहिले दोन-तीन सेकंद भरघोस येतो, मग आपोआप दबतो आणि खटक्याची धार पार नाहीशी होते. दहा ते पंधरा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. यंत्र कोणते घ्यावे, शेडमध्ये उभे कुठे राहावे, सोबत कोणत्या नोंदी ठेवाव्यात आणि कामगारांचे बोलणे मुद्रणात आले तर काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे.

कानसेन

आपण वर्णन केलेला दोष शेडचा नाही, फोनचा आहे. फोन बोलण्यासाठी बनवलेला असल्यामुळे त्यात दोन गोष्टी सतत चालू असतात: आवाज मोठा झाला की पातळी आपोआप खाली ओढणारे नियंत्रण आणि अखंड चालणारा एकसारखा आवाज हा गोंगाट समजून तो पुसून टाकणारी गाळणी. आपल्याला जपायचा आहे तो माग त्या गाळणीच्या दृष्टीने केवळ कचरा आहे. या दोन्ही गोष्टी बंद करू देणारी ॲप मिळतात आणि वेगळे यंत्र घेईपर्यंत त्यांवर काम भागवता येईल. परंतु आपल्या खर्चाच्या मर्यादेत झूम किंवा टास्कॅम या कंपन्यांचे हातात मावणारे ध्वनिमुद्रक यंत्र बसू शकते, आणि माझ्या मते तेच घ्यावे.

दुकानात आपल्याला ३२ बिट फ्लोट या सोयीविषयी सांगितले जाईल. ती उपयुक्त आहे, कारण पातळी आधी अचूक लावली नसली तरी नंतर ती वर-खाली करता येते. मात्र ही सोय मायक्रोफोनच्या पुढच्या टप्प्याची आहे. मायक्रोफोनचा पडदाच आवाजाच्या माऱ्याने कोलमडला तर फाटलेला आवाज कोणत्याही बिटांनी सांधता येत नाही. साध्या मागांच्या शेडमधली पातळी ९० डेसिबलच्या वर असते आणि धोट्यावर पिकरचा (धोटा फेकणाऱ्या भागाचा) फटका बसतो त्या जागेजवळ क्षणिक टोके त्याहून बरीच वर जातात. म्हणून यंत्र निवडताना त्याचा मायक्रोफोन कमाल किती डेसिबल सोसतो हा आकडा अवश्य पाहावा. तो १२० किंवा अधिक असेल तर काम होईल. यंत्र २४ बिटांचे असेल, तर सर्वांत मोठा खटका यंत्रावरच्या पातळीच्या मोजपट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास पोहोचेल अशी पातळी हाताने लावावी आणि मुद्रण चालू असताना तिला हात लावू नये.

उभे कुठे राहावे, हा प्रश्न यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण पत्र्याच्या शेडमध्ये तसे होत नाही. मागापासून थोडे दूर गेले की भिंती आणि छप्पर यांवरून परतलेला आवाजच सर्वत्र भरून राहतो, आणि मग आणखी मागे सरकल्याने पातळी फारशी उतरत नाही. फक्त खटके एकमेकांत मिसळून सरमिसळ होते. म्हणून एकाच मागाचा ठेका हवा असेल तर त्याच्या एका कडेला, हातभर अंतरावर यंत्र ठेवावे, म्हणजे धोटा एका पेटीतून सुटून दुसरीत आदळतो ती ये-जा दोन कानांत स्पष्ट वेगळी ऐकू येते. संपूर्ण शेडचा आवाज हवा असेल तर दोन रांगांमधल्या वाटेत, कामगाराच्या कानाच्या उंचीवर ठेवावे. मला स्वतःला हे दुसरे मुद्रण अधिक मोलाचे वाटते, कारण माग चालवणारा माणूस दिवसभर ऐकतो ते हेच.

शेडची जमीन थरथरत असते आणि ती थरथर तिकाटण्यातून मायक्रोफोनपर्यंत चढते. तिकाटण्याखाली घोंगडीची जाड घडी घालावी. हवेत सुताचे तंतू उडतात, म्हणून फोमची टोपी मायक्रोफोनवर ठेवावीच. आणि कानांत बोळे घालावेत; कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे, तिच्या पलीकडच्या जागेत आपण हौसेने उभे राहणार आहात.

हार्बरचा प्रवासी

कानसेन यांनी यंत्राविषयी सर्व लिहिलेच आहे. मी काय मुद्रित करावे आणि काय लिहून ठेवावे याविषयी लिहितो.

मुंबईत विजेवरची पहिली गाडी १९२५ साली व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर धावली. ती १५०० व्होल्ट डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेवर चालत असे, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवरची ही जुनी पद्धत एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गावरच संपली. बदल होणार हे आधीपासून ठाऊक असल्यामुळे मी त्या काळात जुन्या डीसी गाड्यांचे आवाज जमेल तसे टिपत होतो. आज त्या संग्रहाकडे पाहताना असे दिसते की, उपयोगी पडतात ती एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंतची अखंड मुद्रणे: गाडी सुटते, वेग घेते, मोटर बंद होऊन नुसती घरंगळते, ब्रेक लागतो आणि थांबल्यावर डब्याखालचा कॉम्प्रेसर सुरू होतो. गाडी भर वेगात असतानाचा मधलाच तुकडा कितीही स्वच्छ असला तरी त्यातून ती गाडी कशी चालत होती हे कळत नाही.

मागांच्या बाबतीतही हेच करावे. पाळी सुरू होताना माग एकेक करून चालू होतात, आधी वेगवेगळे ऐकू येणारे ठेके हळूहळू एकमेकांवर चढतात आणि शेवटी त्यांचा एकच गदारोळ होतो, हा सगळा क्रम सलग घ्यावा. धागा तुटल्यावर एक माग थांबतो, कामगार गाठ मारतो आणि हाताने माग पुन्हा लावतो, तेही घ्यावे. वीज गेल्यावर शेड शांत होत जाते तो अर्धा मिनिट तर आवर्जून टिपावा, कारण माग बंद पडल्यावरच कांड्या भरणाऱ्या बायकांचे बोलणे, पंख्याची घरघर, रस्त्यावरची सायकल असे खाली दबलेले आवाज वर येतात. प्रत्येक मुद्रणाच्या आधी आणि नंतर किमान अर्धा मिनिट काहीही न करता यंत्र चालू राहू द्यावे.

नोंदींचे म्हणाल तर मुद्रणाच्या शेवटी स्वतःच्या आवाजात तारीख, वेळ, गल्ली आणि यंत्र कुठे ठेवले होते ते बोलावे. घरी आल्यावर त्याच दिवशी एका साध्या मजकूर-फायलीत बाकीचे लिहावे: शेडमध्ये एकूण माग किती व त्यांपैकी चालू किती, मागाची बनावट आणि रुंदी, त्यावर कोणते कापड निघत होते, छप्पर पत्र्याचे की सिमेंटचे, दारे उघडी होती की बंद. हे कंटाळवाणे वाटते, पण लोकलच्या मुद्रणांत मी मोटरकोचमध्ये (मोटर असलेल्या डब्यात) होतो की साध्या डब्यात, एवढी एक नोंद नसेल तर दोन आवाजांमधला फरक गाडीचा आहे की डब्याचा, हे सांगताच येत नाही. फायलीच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे संग्रह आपोआप कालक्रमाने लागतो. मुद्रण डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपातच ठेवावे; ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ या मापाला मिनिटाला सुमारे १७ एमबी, म्हणजे तासाला १ जीबीहून थोडी अधिक जागा लागते. आजच्या काळात ती काही फार नाही.

माळावरची

कामगारांच्या बोलण्याविषयीच्या प्रश्नाला वरील दोघांनी हात घातलेला नाही, म्हणून लिहिते.

मालकाची परवानगी पुरेशी नसते. शेड मालकाची असली तरी आवाज त्यात काम करणाऱ्यांचा आहे, म्हणून पहिल्या दिवशी यंत्र पिशवीतच ठेवून जावे, चहाच्या वेळी सर्वांना आपण काय करतो आहोत ते सांगावे आणि आधी टिपलेला एखादा आवाज त्यांच्या कानाला हेडफोन लावून ऐकवावा. ज्यांना नको असेल त्यांच्या मागापासून दूर राहावे. पाळीतल्या गप्पांत मजुरीचा, उचलीचा, घरच्या भांडणाचा विषय निघतोच. असे बोलणे मुद्रणात स्पष्ट आले असेल तर तो भाग कोठेही प्रसिद्ध करू नये.

मात्र माणसांचा आवाज नकोच, असेही ठरवू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. तो ठेवा आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायकांच्या नावांसह ऐकता येतो. ज्यांचा आवाज त्यांचे नाव, त्यांच्या संमतीने, हा त्यातला भाग मला अनुकरणीय वाटतो. आपल्याकडे माग लावताना एखादा जुना जॉबर (माग लावणारा व दुरुस्त करणारा कारागीर) नुसत्या आवाजावरून कोणता भाग ढिला आहे ते सांगत असेल, तर माग थांबल्यावर त्याच्याकडून ते समजावून घ्यावे आणि तेही मुद्रित करावे. ते ज्ञान मागाबरोबरच जाणार आहे.

सूतगल्ली

तिघांचेही मनःपूर्वक आभार. एका मालकांशी बोलणे झाले असून जॉबरचे काम करणारे एक काका त्यांच्याच शेडमध्ये आहेत. आणखी दोन शंका आहेत. बहुतेक शेडमध्ये पाळीभर फोनवर चित्रपटगीते चालू असतात, त्याचे काय करावे? आणि हे सर्व माझ्या संगणकावरच राहण्यापेक्षा इतरांना ऐकता येईल अशा ठिकाणी ठेवायचे असेल तर कोठे ठेवावे?

कानसेन

गाणी हा त्या शेडच्या रोजच्या आवाजाचा खरा भाग आहे, म्हणून स्वतःच्या संग्रहासाठी एक मुद्रण गाण्यांसह अवश्य ठेवावे. परंतु ध्वनिमुद्रणाचे हक्क आपल्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतात, त्यामुळे सार्वजनिक करायच्या मुद्रणापुरती गाणी बंद ठेवण्याची विनंती करावी. दहा मिनिटांसाठी कोणी नाही म्हणणार नाही.

ठेवण्याच्या जागा प्रामुख्याने तीन. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातून २००५ साली सुरू झालेले ‘फ्रीसाउंड’ सुट्या आवाजांसाठी चांगले आहे. ‘रेडिओ अपोरी’ या नकाशावर मुद्रण नेमक्या जागेवर टाचून ठेवता येते. गल्लीचा आवाज गल्लीतच सापडावा अशी इच्छा असेल तर ते अधिक योग्य. तिसरी जागा विकिमीडिया कॉमन्स, जिथून तो आवाज मराठी विकिपीडियावरच्या यंत्रमागाच्या लेखात थेट लावता येईल. तेथे व्यापारी वापरास मनाई करणारा परवाना चालत नाही, आणि एकदा दिलेला मुक्त परवाना परत घेता येत नाही, हे कामगारांनाही आधी सांगावे.

युरोपातल्या सहा संग्रहालयांनी २०१३ ते २०१५ या काळात ‘वर्क विथ साउंड्स’ नावाने असेच काम केले. स्वीडनमधल्या नॉर्शॉपिंग या जुन्या कापडगावातले श्रमसंग्रहालय त्यात पुढे होते. त्यांनी यंत्रांच्या आवाजासोबत ते यंत्र चालतानाचे चित्रणही ठेवले. आपणही फोन त्या कामासाठी वापरावा: आवाज ध्वनिमुद्रकावर आणि चित्र फोनवर. सुरुवातीला एकदा टाळी वाजवली की नंतर दोन्ही जुळवता येतात. पण ती टाळी माग सुरू होण्यापूर्वी वाजवावी, एरवी ती ऐकूच येणार नाही.

पहिल्या शेडचे मुद्रण झाले की मूळ डब्ल्यूएव्हीमधला एक मिनिटाचा तुकडा, पातळीत काहीही बदल न करता, येथे द्यावा. तो ऐकून मायक्रोफोन कोठे दबतो आहे का, हे नेमके सांगता येईल.