पायथन : लिस्टमध्ये सगळ्या नोंदी एकसारख्याच दिसतायत, आणि प्रोग्रॅम बंद केल्यावर डेटा कुठे ठेवायचा?

शिकाऊ_पायथन

नमस्कार मंडळी. मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पायथन नुकतंच शिकतेय. आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर अजून रजिस्टरमध्येच सगळं लिहितात, सभासदाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), सकाळ का संध्याकाळ, आणि दर दहा दिवसांनी बिलं काढायची वेळ आली की काका रात्री उशिरापर्यंत कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. म्हणून म्हटलं मिनी प्रोजेक्ट ह्याचाच करावा म्हणजे मार्कही मिळतील आणि काकांच्या कामालाही येईल.

दूधनोंद नावाचा क्लास (एका नोंदीची माहिती एकत्र ठेवायचा साचा) केलाय आणि नोंदी लिस्टमध्ये टाकतेय. मोबाइलवरून टाइप करतेय म्हणून कोड देवनागरीतच देते, समजून घ्या :

नोंदी = []
न = दूधनोंद()
व्हाइल ट्रू :
— कोड = इनपुट("कोड")
— इफ कोड == "" : ब्रेक
— न.कोड = कोड
— न.लिटर = फ्लोट(इनपुट("लिटर"))
— न.फॅट = फ्लोट(इनपुट("फॅट"))
— नोंदी.अपेंड(न)

आता मी १२, २७ आणि ४१ अशा तीन सभासदांच्या नोंदी टाकल्या आणि शेवटी लिस्ट प्रिंट केली तर तिन्ही ठिकाणी ४१ च येतोय, लिटर आणि फॅटसुद्धा ४१ चेच. लेंथ बघितली तर बरोबर ३ आहे. मग १२ आणि २७ गेले कुठे? मैत्रीण म्हणाली क्लास सोडून दे, कोडची एक लिस्ट, लिटरची एक, फॅटची एक अशा वेगवेगळ्या लिस्ट कर, ते सोपं पडतं. तसं करू का?

दुसरी अडचण म्हणजे प्रोग्रॅम बंद केला की सगळंच जातं, ते कुठे साठवायचं? कोणी टेक्स्ट फाइल सांगतं, कोणी जेसन, कोणी डायरेक्ट डेटाबेस. मला डेटाबेस अजून शिकवलेला नाही.

---

कोयनाकाठ

लिस्ट बरोबर आहे, क्लासही बरोबर आहे, फक्त एक ओळ चुकीच्या जागी आहे. न = दूधनोंद() ही ओळ तुम्ही लूपच्या बाहेर लिहिलीय, त्यामुळे ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनणारी एक नोंद) एकदाच तयार होतो. लूप फिरताना दर वेळी त्याच ऑब्जेक्टमधला कोड, लिटर, फॅट बदलला जातो आणि तोच ऑब्जेक्ट पुन्हा लिस्टमध्ये जातो.

इथे नीट समजून घ्या, कारण पुढे पायथनमध्ये हेच पदोपदी लागणार आहे. अपेंड केल्यावर ऑब्जेक्टची कॉपी होत नाही, लिस्टमध्ये फक्त त्याचा पत्ता जातो. तिघांना एकाच घराचा पत्ता दिला तर तिघंही त्याच घरी पोचणार, आणि मधल्या काळात घराला रंग बदलला असेल तर तिघांनाही नवाच रंग दिसणार. म्हणून लेंथ ३ येते, पत्ते तीन आहेत ना, पण घर एकच.

स्वतः तपासून बघा, लिस्टवर फॉर लूप लावा आणि प्रत्येकाचा आयडी फंक्शनने येणारा नंबर प्रिंट करा. आत्ता तिन्ही नंबर सारखे येतील. मग ती ओळ लूपच्या आत, ब्रेकच्या खाली घ्या आणि पुन्हा चालवा, तीन वेगळे नंबर दिसतील आणि १२, २७, ४१ पण नीट दिसतील.

त्याहून बरं म्हणजे इनिट मेथडमध्येच (ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालते ती) कोड, लिटर, फॅट मागून घ्या, म्हणजे नोंदी.अपेंड(दूधनोंद(कोड, लिटर, फॅट)) असं एका ओळीत होतं आणि अर्धवट भरलेला ऑब्जेक्ट कधी तयारच होत नाही. पायथन ३.७ पासून डेटाक्लास आलाय, तो वापरलात तर इनिट लिहायचीही गरज नाही, आणि प्रिंट केल्यावर तो मेमरीचा अगम्य पत्ता न येता आतली माहिती दिसते.

वेगवेगळ्या लिस्ट मात्र करू नका. सुरुवातीला सोपं वाटतं, पण उद्या तुम्ही फॅटप्रमाणे सॉर्ट करायला गेलात की फॅटची लिस्ट हलणार आणि कोडची जागच्या जागी राहणार. मग २७ चं फॅट १२ च्या नावावर, आणि एरर काहीच येणार नाही, कारण पायथनच्या दृष्टीने तिन्ही लिस्ट ठणठणीत आहेत. इथे माणसांच्या दुधाचे पैसे आहेत. एका नोंदीची माहिती एका ऑब्जेक्टमध्ये एकत्रच राहिली पाहिजे.

अजून एक, ह्याच कुळातलं. क्लासच्या आत पण इनिटच्या बाहेर नोंदी = [] असं कधी लिहू नका, ती लिस्ट त्या क्लासच्या सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामायिक होते. सभासद क्लास करून प्रत्येकाच्या नोंदी त्यात ठेवायला गेलात की एकाचं दूध सगळ्यांच्या खात्यात दिसेल. सेल्फ.नोंदी = [] असं इनिटमध्येच लिहायचं.

---

जुना_प्रोग्रॅमर

वरचं उत्तर एकदम बरोबर. मी साठवण्याबद्दल सांगतो.

डेटाबेस शिकवला नसेल तर जेसनपासून (डेटा साध्या मजकुरात लिहायची एक ठरलेली पद्धत) सुरुवात कर, त्यात काही कमीपणा नाही. फायदा असा की फाइल नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी बघता येते आत काय गेलंय ते, आणि शिकताना हे फार महत्त्वाचं असतं. पण काही ठिकाणी अडशील म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जेसनला तुझा दूधनोंद क्लास माहीत नाही. तशीच लिस्ट दिलीस तर ऑब्जेक्ट सीरियलायझेबल नाही (म्हणजे मजकुरात बदलता येत नाही) असा टाइप एरर येईल. प्रत्येक ऑब्जेक्टवर व्हार्स फंक्शन लावलंस की त्याची साधी डिक्शनरी (नाव आणि त्याची व्हॅल्यू अशा जोड्या) मिळते, डेटाक्लास असेल तर त्याचं अ‍ॅज-डिक्ट आहे, त्या डिक्शनऱ्यांची लिस्ट जेसनला दे. परत वाचताना उलटं होतं, फाइलमधून डिक्शनऱ्याच येतात, दूधनोंद येत नाहीत, ते तुला एकेक करून पुन्हा बनवावे लागतात. बरेच जण इथे न.लिटर लिहितात आणि डिक्शनरीला असा अ‍ॅट्रिब्यूट नाही म्हणून एरर आला की गोंधळतात.

सभासदांची नावं मराठीत ठेवणार असशील (आणि ठेवच, बिलावर काकांना आणि सभासदांना वाचता आलं पाहिजे) तर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ हे स्वतःहून लिहायचं, विंडोजच्या भरवशावर सोडायचं नाही. आणि डंप करताना एन्शुअर-आस्की फॉल्स द्यायचं, नाहीतर "शिंदे" च्या जागी बॅकस्लॅश, यू आणि चार आकडी कोडांची माळ दिसते. डेटा बिघडलेला नसतो, परत वाचला की नीटच येतो, पण नोटपॅडमध्ये बघून जीव घाबरतो.

फाइल अपेंड मोडमध्ये उघडून जेसन टाकू नकोस. पहिल्या दिवशी चालेल, दुसऱ्या दिवशी एका लिस्टच्या खाली दुसरी लिस्ट चिकटेल आणि वाचताना "एक्स्ट्रा डेटा" असा एरर येईल. जेसनची फाइल दर वेळी अख्खी वाचायची, लिस्टमध्ये नवीन नोंद घालायची, अख्खी परत लिहायची.

पण राइट मोडमध्ये फाइल उघडली त्याच क्षणी जुनं सगळं पुसलं जातं, लिहायचं नंतर सुरू होतं. नेमकी तेव्हा लाईट गेली तर दोन्ही गेलं, आणि गावाकडे सकाळच्या वेळी लाईटचं काय असतं ते तुला मी सांगायला नको. म्हणून आधी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचं, ती बंद करायची आणि मग ओएस मॉड्यूलच्या रिप्लेस फंक्शनने मूळ नावावर आणायची. दोन ओळी जास्त लागतात, पण त्या वाचवतात.

पिकल म्हणून एक प्रकार सापडेल, त्यात ऑब्जेक्ट जसेच्या तसे साठतात, मोह होईल. ह्या कामाला नको. उद्या क्लासचं नाव बदललंस तर जुनी फाइल उघडणार नाही, आणि दुसऱ्याकडून आलेली पिकल फाइल उघडणं धोक्याचं असतं, उघडतानाच त्यातून कुठलाही कोड चालवता येतो.

---

एसक्यूएल_प्रेमी

जुना_प्रोग्रॅमर सरांचा आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. मिनी प्रोजेक्ट फक्त सबमिट करायचा असता तर जेसन ठीक होतं, पण हे केंद्रावर खरंच वापरायचं म्हणतेस तर हिशोब कर. समजा १५० सभासद, दोन वेळा, म्हणजे दिवसाला ३०० नोंदी, दहा दिवसांच्या बिलाला ३,०००, वर्षाला लाखाच्या वर. दर नोंदीला ती अख्खी फाइल वाचायची आणि अख्खी लिहायची, कॅन घेऊन माणसं रांगेत उभी आहेत आणि तुझा प्रोग्रॅम दर वेळी जास्त वेळ घेतोय.

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घे. त्याला सर्व्हर लागत नाही, वेगळं इन्स्टॉल करायचं नाही, पायथनसोबतच येतं, सगळा डेटाबेस म्हणजे एकच फाइल. रिचर्ड हिप ह्यांनी २००० मध्ये ते पहिल्यांदा आणलं, आणि आज अँड्रॉइड फोनमध्ये तेच वापरलं जातं, म्हणजे आत्ता तू ज्या मोबाइलवरून लिहितेयस त्यातही बहुतेक आहेच.

नोंदींचं टेबल कर : तारीख, वेळ, कोड, लिटर, फॅट, एसएनएफ. तारीख टेक्स्ट म्हणून वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमाने ठेव, म्हणजे साधं सॉर्ट केलं तरी तारखा बरोबर लागतात, दिवस आधी ठेवलास तर १ जुलै आणि १ ऑगस्ट शेजारी येऊन बसतील. आणि तारीख, वेळ, कोड ह्या तिघांवर मिळून युनिक लाव. गर्दीत चुकून एकाची सकाळची नोंद दोनदा टाकली गेली तर डेटाबेसच अडवेल. लिस्टमध्ये किंवा जेसनमध्ये ही राखण तुला स्वतः करावी लागते.

व्हॅल्यू टाकताना एसक्यूएलच्या वाक्यात जोडाजोडी करू नको, प्रश्नचिन्ह लिहायचं आणि व्हॅल्यू वेगळ्या टपलमध्ये द्यायच्या. आणि कमिट (बदल फाइलमध्ये पक्के करणं) विसरू नको. नवशिक्यांचा निम्मा त्रास तिथेच असतो, प्रोग्रॅम चालू असताना नोंद दिसते, बंद करून उघडलं की गायब. विथ लावून कनेक्शन वापरलंस तर ब्लॉक नीट संपल्यावर कमिट आपोआप होतं. फक्त कनेक्शन बंद होत नाही त्याने, ते शेवटी तूच क्लोज करायचं.

दहा दिवसांचं बिल मग एका क्वेरीचं काम आहे, तारखांची मर्यादा घालायची, कोडप्रमाणे ग्रुप करायचं आणि बेरीज.

---

जुना_प्रोग्रॅमर

लाखाचा हिशोब मान्य. तरी मी म्हणेन आधी आठवडाभर जेसनवर कर, ऑब्जेक्टची डिक्शनरी आणि डिक्शनरीचा ऑब्जेक्ट हे हाताने केलंस की टेबल म्हणजे काय ते आपोआप उमगेल. फक्त वाचणं आणि साठवणं ह्याची दोन वेगळी फंक्शन ठेव, बाकी कोडमध्ये फाइलचं नावही येऊ देऊ नको. मग एसक्यूलाइटवर जाताना तेवढी दोनच बदलावी लागतील.

---

शिकाऊ_पायथन

खूप खूप आभार सगळ्यांचे! ओळ आत घेतली आणि १२, २७, ४१ नीट आले, आयडी पण करून बघितला, आधी खरंच तिन्ही सारखे होते. दोन फंक्शन वेगळी केलीयत, आता जेसनवर आहे, नंतर एसक्यूलाइट करणार.

अजून दोन शंका. दरपत्रक मी डिक्शनरीत ठेवलंय, की (ज्यावरून शोधायचं ते) म्हणजे फॅट आणि एसएनएफची जोडी आणि व्हॅल्यू म्हणजे दर. दरपत्रक लूपने ०.१ मिळवत मिळवत भरलं, पण काही फॅटला दर सापडतो आणि काहींना "की एरर" (ती की सापडली नाही असा) येतो, आकडा तर दरपत्रकात आहे. आणि दुसरं म्हणजे डेअरीने मध्येच दर बदलले तर जुन्या नोंदींचं काय?

---

कोयनाकाठ

पहिल्याचं कारण फ्लोट, म्हणजे दशांश आकडे. पायथनमध्ये ०.१ + ०.२ करून बघा, ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. कॉम्प्युटर बायनरीत मोजतो आणि ०.१ बायनरीत पूर्ण मावत नाही, त्यामुळे मिळवत मिळवत गेलात की बारीक फरक साठत जातो आणि की जुळत नाही. फ्लोटला डिक्शनरीची की करूच नका. दहाने गुणून राउंड करा आणि पूर्णांक ठेवा, म्हणजे गाईच्या दुधाचं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ म्हणजे ३५ आणि ८५. पैसेसुद्धा रुपयात फ्लोट न ठेवता पैशात पूर्णांक ठेवा, शेवटी बिल छापतानाच शंभराने भागा. दहा दिवसांच्या बेरजेत रजिस्टरपेक्षा एक पैसा इकडेतिकडे झाला तरी काकांचा प्रोग्रॅमवरचा विश्वास जाईल, आणि त्यांचं बरोबर असेल.

दराचं म्हणाल तर नोंद करतानाच त्या वेळचा दर आणि रक्कम नोंदीतच साठवा. बिल काढताना दरपत्रकातून दर काढलात तर ५ तारखेला दर बदलल्यावर १ ते ४ तारखेच्या दुधालाही नवा दर लागेल. सभासदाचं नाव, बँक खातं हे वेगळ्या जागी कोडवर ठेवा, ते बदललं की सगळीकडे बदललेलंच हवं असतं. दर मात्र त्या दिवसाचा तोच राहिला पाहिजे.

---

एसक्यूएल_प्रेमी

+१. आणि एसक्यूलाइटवर गेलीस की बॅकअप घेताना प्रोग्रॅम चालू असताना फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नको, मध्येच लिहिणं चालू असेल तर कॉपी बिघडलेली निघू शकते. पायथनच्या कनेक्शनला बॅकअप नावाची मेथड आहे (३.७ पासून), ती वापर आणि संध्याकाळचं संकलन संपलं की पेनड्राइव्हवर घे. पहिले दहा दिवस रजिस्टरही चालू ठेवा, दोन्हीची बिलं शेजारी ठेवून जुळतायत का बघा, मगच काकांना रजिस्टर बंद करायला सांग.