ज्यांच्याकडं समुद्र नाही त्यांनी समुद्राचे गेम खेळू नयेत म्हणे!

मांजराकाठी
काल इथं 'रोखठोक बीडकर' यांची पोस्ट आली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गल्लीत टँकर आला, हंडे लागले, आणि यांचा भाचा आत कॉम्प्युटरवर पाण्याखाली मासे बघत बसलेला. त्यावरून निष्कर्ष असा, की दारात हंडाभर पाणी नसलेल्या मराठवाड्यातल्या पोरांनी समुद्राचे गेम खेळणं म्हणजे उपाशी माणसानं लग्नाच्या पंगतीचा व्हिडिओ बघणं. वर सल्ला: समुद्रच बघायचा तर मालवणला जा, खोटा कशाला बघता? खाली 'अगदी खरं', 'आजची पिढी' वगैरे रांग लागली. तिथंच उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं. म्हणून वेगळा धागा.

टँकर आल्यावर भाच्यानं उठायला पाहिजे होतं, मान्य. पण तो आयपीएल बघत असता तरी उठला नसता. तेव्हा कोणी क्रिकेटवर पोस्ट टाकली नसती.

गेमचं नाव बीडकरांनी दिलेलं नाही. कोसळलेलं यान, छोटी कॅप्सूल, चहूकडं पाणी, या वर्णनावरून तो सबनॉटिका असणार. 2014 पासून कच्च्या रूपात मिळत होता, पूर्ण झाला 2018 ला. आता गंमत बघा. त्या गेममध्ये पहिली अडचण कसली असते? प्यायच्या पाण्याची! सगळा ग्रहच समुद्र आणि त्यातलं घोटभर पिता येत नाही. तहानेचा आकडा खाली यायला लागतो. मग ब्लॅडरफिश नावाचा मासा पकडायचा, त्यातून पाणी काढायचं. पुढं तळ बांधला की पाणी गाळायचं यंत्र बसवायचं, त्याला वीज पुरवायची. म्हणजे बीडकर साहेब, टँकरची वाट बघताना तुमचा भाचा पाण्याचंच नियोजन करत होता.

आणखी एक. त्यात बंदूक नाही. 2012 मध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर गेमचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड यांनी बंदूक मुद्दाम ठेवली नाही. हातात चाकू असतो, पण रीपर लेव्हायथन नावाचा मोठ्या जबड्याचा अजस्र प्राणी समोर आला की चाकू घेऊन काय करणार? गपगुमान पळायचं. पब्जीवर वाढलेल्या पोराला गोळी न झाडता दोन तास एका जागी बसवून दाखवा.

रोखठोक बीडकर
माझ्या नावानं धागा निघाला, धन्य झालो. मासा पिळून पाणी काढतात हे आमच्या नगरपालिकेला सांगू नका, उद्या टेंडर काढतील.

माझा मुद्दा तुम्ही सोयीनं वाकडा केला. लेकरू तहानेचा आकडा बघतंय, पण बाहेर आजी हंडा उचलतीय ते त्याला दिसत नाही, हे माझं दुखणं. तो आकडा बंद पण करता येतो, भाच्यानंच सांगितलं.

आणि खोल पाणी काय असतं हे आम्हाला गेम शिकवणार? आम्ही चाळीस फुटी विहिरीत मुटके मारलेत. बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायची, नाहीतर पोरं चिडवायची. कानात सणक गेली की कळायचा दाब. तुमच्यातल्या किती जणांना पोहता येतं तेवढं सांगा.

मांजराकाठी
हो, फ्रीडम मोडमध्ये तहानभूक बंद करता येते. आपल्याकडं तेवढा एक मोड आला नाही अजून.

शिक्षिका_उदगीर
दोघंही एकाच गेमवर भांडताय. माझ्या वर्गातल्या मुलांकडं सबनॉटिका चालेल असा कॉम्प्युटर नाही. त्यांच्याकडं आईचा मोबाईल आहे आणि त्यावर हंग्री शार्क. शार्कनं किनाऱ्यावरची माणसं गिळायची, गुण मिळवायचे, की झाला समुद्र! मी व्हेल शार्कचं चित्र दाखवलं तर अर्धा वर्ग ओरडला, 'मॅडम, हा माणूस खातो!' एवढा अवाढव्य मासा, पण खातो प्लवक आणि बारीक जीव, तेही पाणी गाळून. 2001 पासून आपल्या देशात त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. हे सांगता सांगता तास संपला.

म्हणून 'गेम वाईट' हे जसं पटत नाही, तसं 'गेम शिकवतो' हेही सरसकट पटत नाही. 2016 च्या अब्झू नावाच्या गेममध्ये मोठा पांढरा शार्क येतो तो शत्रू म्हणून नाही. 2020 चा बियॉन्ड ब्लू तर बीबीसीच्या समुद्र मालिकेवरून प्रेरणा घेऊन केलेला, त्यात शास्त्रज्ञांच्या छोट्या फिल्म आहेत. त्या मुलांना दाखवायच्या होत्या. पण आमच्या शाळेचा प्रोजेक्टर कपाटात, कपाटाची किल्ली एका सरांकडं, आणि सर कायम निवडणुकीच्या कामावर! मतदार याद्या, जनगणना, खिचडीच्या नोंदी, सगळं मास्तरनंच करायचं. मग शिकवायचं कधी ते

सिडकोवाला
मॅडम, वाक्य अर्धं राहिलं. बहुतेक निवडणुकीचं काम आलं.

मालवणचा_जावई
मी नांदेडचा, सासुरवाडी मालवणकडची, म्हणून मला बोलायचा हक्क. बीडकर म्हणतात मालवणला जा. गेलो, स्कूबा डायव्हिंग केलं. बोटीत बसवलं, सूट चढवला, खुणा शिकवल्या (अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'वर चला', मी खुशीत अंगठा दाखवला आणि मला लगेच वर आणलं). पाणी गढूळ होतं. प्रशिक्षकानं मागून मला कॉलरला धरलेलं, मांजरीच्या पिल्लासारखं. मासे दिसले ते पावाच्या तुकड्याला आलेले. व्हिडिओचे पैसे वेगळे, त्यावर कुठलं तरी इंग्रजी गाणं चिकटवलेलं. बायको म्हणाली, यापेक्षा तुमच्या त्या गेममध्ये जास्त मासे असतात. तिच्याच माहेरचा समुद्र बरं का!

तरीपण मी बीडकरांच्याच बाजूनं. कारण कान. दोन-तीन मीटरलाच कान असे दुखले की नाक दाबून फुंकर मारावी लागली. हे कुठल्या गेममध्ये आहे? सबनॉटिकात माणूस शेकडो मीटर खाली जातो आणि सरळ वर येतो. खरा असता तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन आडवा झाला असता. हौशी डायव्हरची मर्यादाच 40 मीटर. डेव्ह द डायव्हरमध्ये तर जाडा डेव्ह दिवसभर भाल्यानं मासे मारतो आणि रात्री सुशीच्या हॉटेलात वाढतो. हे समुद्रावरचं प्रेम म्हणायचं का?

मांजराकाठी
नायट्रोजनचा मुद्दा बरोबर, तो गेमनं सोडूनच दिलाय. पण बाकी खोटं नाही. दर 10 मीटरला एक वातावरण दाब वाढतो हे मी शाळेत पाठ करून लिहिलं आणि विसरलो. सीमॉथ नावाची छोटी पाणबुडी सुरुवातीला 200 मीटरच सोसते. त्याच्या खाली नेली, सूचना यायला लागल्या, पाणबुडी कुरकुरायला लागली, तेव्हा पोटात जे झालं ते आजवर विसरलो नाही. खऱ्या समुद्रातही साधारण 200 मीटरनंतर संधिप्रकाश आणि 1000 च्या खाली मिट्ट काळोख. हे आता मला झोपेतून उठवून विचारा.

ढोकीकर
पोहता येतं का म्हणून विचारणाऱ्या बीडकर काकांना उलट सवाल. शिकायचं कुठं? तुमच्या पिढीनं विहिरीत मुटके मारले, नंतर त्याच विहिरी उपसून कोरड्या केल्या, आणि आता आमच्या शिवारात आठशे फुटांचे बोअर. बोअरमध्ये बुडी मारू का? आमच्या गावच्या बारवेत पाण्याच्या बाटल्या आणि निर्माल्य आहे. भावकीतल्या एका पोराला पोहायला शिकवायचं म्हणून चुलता शेततळ्यावर घेऊन गेला. प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरतो, वर चढता येत नाही, दोरीनं काढलं त्याला. तेव्हापासून तो कागद बघितला तरी रडतो.

रोखठोक बीडकर
विहिरी आम्ही कोरड्या केल्या? पाऊस तुमच्या आमदारानं पाडला होता वाटतं!

ढोकीकर
पाऊस नाही पाडला, पण ऊस तर लावला ना काका!

नाथसागर
उसाचा विषय काढलाच आहे तर ऐका. मी पैठणचा, आमच्या घरात धरणावर जाळी टाकायचं काम. रोहू, कटला, तिलापी आमच्या अंगणात असते. आणि तुम्ही सगळे समुद्र समुद्र करताय! जायकवाडी 1976 ला झालं, बांध दहा किलोमीटर लांब, वाऱ्याला लाटा बघा येऊन. पण वरचे नाशिक-नगरवाले अडवतात. 2014 च्या आदेशात स्पष्ट आहे, 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा नसेल तर वरून सोडायचं. दुष्काळी साली कोर्टात गेल्याशिवाय थेंब सुटत नाही. पाणी खाली गेलं की आमची जाळी चिखलात. त्यावर कोणी गेम काढत नाही.

ढोकीकर
आणि सुटलेलं पाणी कालव्यानं जातं कुठं? उसाला. वरच्यांना शिव्या घालायच्या आणि खाली तेच करायचं.

रोखठोक बीडकर
शेतकऱ्यानं ऊस लावू नये तर काय लावावं, ते पण सांगा. सोयाबीनचा भाव बघितला का? कापूस वेचायला माणूस मिळतो का? ऊस निदान कारखाना उचलतो. पुण्यात बसून कीबोर्डवर शेती करणारे लय झालेत.

ढोकीकर
मी ढोकीतच राहतो. पुण्यात तुमचा मुलगा आहे, काका. तुम्हीच मागच्या धाग्यात लिहिलं होतं.

रोखठोक बीडकर
घरच्यांवर यायचं काम नाही. सांगून ठेवतो.

मांजराकाठी
थांबा जरा. धागा गेमचा आहे.

आणि पाण्याचंच बोलायचं तर मी लातूरचा आहे, मला कोणी शिकवू नये. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर. मी तेव्हा क्लाससाठी होस्टेलवर. आंघोळीला पाणी पाळीनं, आणि निम्मी पोरं गावाकडं परत गेलेली. खोलीत एकाच्या जुन्या कॉम्प्युटरवर फीडिंग फ्रेन्झी होता, छोट्या माशानं मोठं होत जायचं, लहान लेकरांचा खेळ. आम्ही मिशा फुटलेली पोरं तो रात्र रात्र खेळायचो. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. निळं होतं, बस. बीडकर साहेब, तुमच्या हिशोबानं तहानलेल्या पोरांना वाळवंटाचा गेम द्यायचा होता का?

आणि समुद्राशी आपला संबंध नाही असं कोण म्हणतं? मराठवाड्यात पडलेला प्रत्येक थेंब, अडवला नाही तर, बंगालच्या उपसागराला जातो. मांजरा गोदावरीला, गोदावरी 1465 किलोमीटर जाऊन समुद्राला.

सिडकोवाला
प्रत्येक नाही. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर उत्तरेला तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. सोयगाव तालुका मराठवाड्यातच येतो.

मांजराकाठी
बरं बाबा. सोयगावकरांना अरबी समुद्र, बाकीच्यांना बंगालचा उपसागर. वाटणी झाली, सही कुठं करू?

मालवणचा_जावई
तो निळं होतं वाला मुद्दा मात्र लागला. काही बोलत नाही.

रोखठोक बीडकर
होस्टेलचं वाचलं. 2016 आम्हीही काढलंय, त्यावर मी वाद घालणार नाही.

पण गेम खेळून समुद्र कळत असता तर 2023 ला ती टायटन पाणबुडी फुटली नसती. तीही गेमच्या रिमोटवर चालवत होते. पाच माणसं गेली.

मांजराकाठी
रिमोटनं नाही गेली. कार्बन फायबरचं कवच दाबाखाली फुटलं. अमेरिकन नौदल यूएसएस कोलोराडो पाणबुडीत पेरिस्कोपचा कॅमेरा एक्सबॉक्सच्या कंट्रोलरनंच फिरवतं, 2018 पासून. आपल्या चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेची मत्स्य 6000 पाणबुडी तीन माणसांना 6000 मीटर खाली न्यायला बनतेय, तिचा गोळा टायटॅनियमचा. 6000 मीटरला दाब किती, ते भाच्याला विचारा. सांगेल तो.

रोखठोक बीडकर
विचारलं. सहाशे पट म्हणाला. वर म्हणाला, 'मामा, तुमच्या विहिरीत एक पटीनं वाढतो.' उद्धट झालंय कार्टं.

रात्री त्याच्या शेजारी बसलो होतो. तो मोठा जबड्याचा प्राणी अंधारातून आला तेव्हा माझी खुर्ची मागं सरकली, असं तो सगळ्यांना सांगत फिरतोय. खुर्ची हलकी आहे, फरशी गुळगुळीत आहे. माझं मत बदललेलं नाही. टँकरच्या दिवशी कॉम्प्युटरची वायर माझ्या कपाटात राहील.

शिक्षिका_उदगीर
परत आले. किल्ली मिळाली, प्रोजेक्टरचा बल्ब गेलाय.

परभणी_बॉय
सबनॉटिका आय थ्री, 4 जीबी रॅमवर चालतो का? ग्राफिक कार्ड नाही.

सिडकोवाला
कंपनीच्या किमान यादीत 4 जीबी आणि इंटेल एचडी 4600 आहे, पण रखडत चालेल. डिस्कवर 20 जीबी मोकळी ठेव. रॅम 8 कर आधी. आणि इन्व्हर्टर असेल तरच खेळ, सेव्ह न करता लाईट गेली की सगळं पहिल्यापासून.

नाथसागर
65 टक्क्यांवर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

ढोकीकर
त्याचा वेगळा धागा काढलाय, तिकडं या. काका, तुम्ही पण या. उसाचे आकडे घेऊन या.